पाळकसाहेबांना लोभापासून कसे वाचवावे

आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना पैशाचा लोभ सुटू नये असे मनापासून वाटते ना? मग त्यांच्या हाती पैसा पडूच देऊ नका. द्रव्यलोभ सगळ्या वाइटाचे मूळ आहे, हे बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेलेच आहे. त्याच पत्रात, एकच अध्याय आधी, मळणीच्या बैलाला मुसके बांधू नका आणि कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, असेही आहे. पण ते पान भरभर उलटावे.

मानधनाचा विषय कमिटीच्या सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून शेवटी घ्यावा. तोवर निम्मे सभासद चपला शोधत असतात. पाळकसाहेबांना बाहेर थांबायला सांगावे. आत कुणीतरी ‘ही सेवा आहे, नोकरी थोडीच!’ म्हणतोच. लगेच आमेन म्हणून विषय पुढच्या वर्षावर ढकलावा आणि बाहेर येऊन त्यांचा हात हातात घेत सांगावे, ‘आम्ही तुमच्यासाठी प्रार्थनेत आहोत हं.’ याची पावतीसुद्धा फाडावी लागत नाही.

कुणी कुरकुरलेच तर पौल पुढे करावा. करिंथ शहरात तो तंबू शिवून पोट भरत होता की नाही? सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हे त्याच करिंथकरांना त्यानेच बजावले. वर, ‘मी तुम्हाला भार झालो नाही, एवढ्या अन्यायाची क्षमा करा’ असा सणसणीत टोमणाही मारला. टोमणे शेजारच्या चर्चसाठी असतात. फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांनी एपफ्रदिताच्या हाती पौलाला मदत धाडली, ती त्यांची हौस.

हात अगदीच सैल सोडायचा तर बाहेरून येणाऱ्या वक्त्यासाठी सोडावा. तो येण्याआधीच आकडा कळवतो आणि संदेशाच्या मध्येच पाकिटे फिरवतो. ‘पेराल तसे उगवेल’ म्हणताना त्याचा आवाज काय भरून येतो! ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात, निघताना पैसे मागणारा प्रेषित खोटा संदेष्टा समजावा, असे स्वच्छ सांगितले आहे. खरा संदेष्टा मात्र आपल्या अन्नास योग्य आहे, त्याला पहिले पीक द्या, असेही तिथेच आहे. आपण दोन्ही गोष्टी पाळतो, फक्त माणसांची अदलाबदल करून.

असे काही वर्षे नेटाने चालवले की तुमचे पाळकसाहेबही मागायला शिकतील. मग तातडीने सभा बोलवा. पाळकांचा लोभ हा विषय मात्र आयत्या वेळचा नको, विषयपत्रिकेत पहिलाच घ्या.