जंगलातलीच मुसळी कशाला हवीय?

सोसायटीच्या ग्रुपवर परत कोणीतरी सफेद मुसळीची, त्या आयुर्वेदिक औषधातल्या कंदाची, जाहिरात टाकलीय, 'शेतातली नाय, ओरिजिनल जंगली', आणि खाली धडाधड अंगठे. डोक्यातच जातं माझ्या. जे लपवायला हवं तेच मिरवायचं!

या मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिॲनम, म्हणजे आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडच्या बोरिवलीवरून पडलेलं. पावसाळा सुरू झाला की आदिवासी बायका बाजारात फोडशी घेऊन बसतात ना, पातीच्या कांद्यासारखी लांब पानं, मुळाकडचा मातीचा पांढरा भाग काढून आपण डाळ घालून भाजी करतो, ती याच मुसळीची नाहीतर तिच्या भावंडांची. पानं खुडली तर कंद जमिनीत राहतो, पुढच्या पावसात परत कोंब येतो. पण औषधाला लागतो कंदच. आणि पानं वाळून गेली की कंद कुठे ते सापडत नाही म्हणून हिरवं असतानाच खणतात, बी पडलं का बघायला थांबतंय कोण.

दशमूळाचं, म्हणजे दहा झाडांच्या मुळांच्या आयुर्वेदिक औषधाचं, पण तेच. बेल, शिवण, टेटू, पाडळ, ऐरण, यातले हे पाच वृक्ष आहेत हो, त्यांची मुळं काढायची म्हणजे झाड राहील का? सीताअशोकाची साल गोल सोलून काढली की वरून मुळांना अन्न जाणंच बंद, झाड उभ्या उभ्या वाळतं. (आपल्या कंपाउंडला रांगेत लावलेला उंच सरळ 'अशोक' तो नव्हे, औषधात त्याची भेसळ मात्र होते.)

आता लगेच 'आदिवासीच जंगल संपवतात' सुरू करू नका. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल विकून धंदा उभा केलाच ना. वेल नीट कापला तर परत फुटतो. मुसळी खणून आणणाऱ्या बाईला किती पैसे मिळतात आणि पॅकेटवर किती छापलेले असतात ते बघा आधी.

मुसळीची शेती होते, वर्षानुवर्षं होतेय. शेतातल्या मालात दम नसतो म्हणणाऱ्यांना एकच विचारते, सोलून वाळवलेल्या मुसळीत जंगलातली कुठली आणि शेतातली कुठली, तुम्हाला ओळखता येते? परवा दुकानात विचारलं, ही येते कुठून? तर म्हणे, "कुठून म्हणजे? होलसेलवाल्याकडून." डब्यावर एक्सपायरी असते, एमआरपी असते, लागवडीची की जंगलातली एवढं छापायला काय जातं?