रोटाच्या गव्हात त्याचीही मूठ

खानदेशातल्या कानबाईच्या सणात रोटाला, म्हणजे गव्हाच्या नैवेद्याला, बऱ्याच घरांत माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजतात, आणि तो रोट भाऊबंदकीबाहेर जात नाही. दत्तक मुलाला “हाऊ कोना पोऱ्या शे?” (हा कोणाचा मुलगा?) हे पहिल्यांदा ऐकू येतं ते बहुधा अशाच गर्दीत. जे अख्ख्या गावाला ठाऊक आहे ते पोराला सगळ्यात शेवटी कळतं. “मोठा झाला की सांगू” म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे.

‘दत्तक’ हा शब्द दोन-तीन वर्षांपासून कानावर पडू द्या. आंघोळ घालताना, झोपवताना. पाचेक वर्षांचं झालं की “मी तुझ्या पोटात होतो का?” येतं. “नाही, दुसऱ्या आईच्या पोटात होतास” एवढं पुरतं. आठ-नऊला खरा घाव बसतो: “मग तिने का सोडलं?” माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आईबाप अपघातात गेल्याची गोष्ट रचू नका. अठरा पूर्ण झाल्यावर मुळांचा शोध घ्यायला तो स्वतः अर्ज करू शकतो. तेव्हा खोटं उघडं पडतं आणि खरंही खोटं वाटायला लागतं. “आम्ही तुला निवडलं” हेही जपून. निवडलेलं परतही करता येतं, असा हिशेब मूल मनात करतं.

प्रतिपालकत्वातून (फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता घरी सांभाळणं) आलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही मुलं साधारण सहा वर्षांवरची, आणि दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला दत्तकासाठी अर्ज करता येतो. त्याला काय सांगणार? त्याला सगळं आठवतं. तिथे ऐकायचं काम. नाव बदलू नका. उशीखाली भाकरी सापडली तर चोरी म्हणून ओरडू नका. उद्या मिळेल याची खात्री नसलेलं पोट ते. डब्यात फुटाणे त्याच्या हाताला येतील असे ठेवा. संस्थेतल्या मावशींचं नाव, जुने फोटो, पहिला सदरा एका वहीत-पिशवीत जपा. दत्तकासाठी पाच वर्षांवरच्या मुलाची संमती कायद्याने लागते. ती सहीपुरती उरकू नका, “नको म्हटलं तरी चालेल” हे आधी सांगा.

कागदाचं थोडक्यात. दवाखान्यातून परस्पर मूल घेणं, मग साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेणं, हा गुन्हा आहे. नोंदणी ‘कारा’ या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर, मग घरी येऊन गृहअभ्यास, म्हणजे कुटुंबाची पाहणी. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे हेच. हा कागद पुढे मूलच वाचणार आहे, म्हणून तो सरळ हवा.

आता राहिली भाऊबंदकी. कानबाईच्या आठवडाभर आधी घरातल्या मोठ्या काकूंकडे जाऊन बसा. “खरी आई” नाही, “जन्मदाती” म्हणायचं, एवढं समजवा. गहू मोजताना त्याच्या नावाची सव्वा मूठ त्यांनाच घालू द्या, सगळ्यांसमोर.