बाजू कशी घ्यावी

मुलांच्या ऑनलाइन शोषणावर मत द्यायचंय? आधी बाजू ठरवा. विचार नंतरही करता येतो. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

पहिली बाजू सोपी. म्हणा, 'प्रत्येक मेसेज जाण्याआधी फोननेच तपासावा.' कोणी एन्क्रिप्शनचं (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाचं) नाव काढलं की थंडपणे विचारा, 'म्हणजे तुम्ही त्या नराधमांच्या बाजूचे?' तो गप्प बसेल. गप्प बसला म्हणजे त्याला पटलं. ॲपलने ऑगस्ट २०२१मध्ये आयक्लाउडवर जाणाऱ्या फोटोंची फोनमध्येच अशी तपासणी जाहीर केली आणि काही आठवड्यांतच संशोधकांनी दोन भलत्याच चित्रांचा डिजिटल ठसा (ज्यावरून यंत्र फोटो ओळखतं) एकच येतो हे दाखवून दिलं, हे बोलू नका. कंपनीने डिसेंबर २०२२मध्ये बेत गुंडाळला, हेही नको. आजारी लेकराचा फोटो डॉक्टरांसाठी काढला म्हणून एका अमेरिकी बापाचं गुगल खातं गेलं. पोलिसांनी निर्दोष ठरवलं तरी परत मिळालं नाही. 'चूक होते हो एखादी,' एवढं म्हणा. खातं आपलं नव्हतं ना?

मग दिंडी दरवाजा सुचवा: फक्त पोलिसांसाठी, बाकी तटबंदी शाबूत. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांना पोलिसांसाठी अशी सोय ठेवणं १९९४च्या कायद्याने बंधनकारक झालं. २०२४मध्ये कळलं, की त्या यंत्रणेपर्यंत चिनी हॅकरही पोचले होते. त्यानंतर त्याच सरकारच्या सायबर खात्याने बड्या अधिकाऱ्यांना सल्ला काय दिला? एन्क्रिप्टेड ॲप वापरा. युरोपातल्या तपासणी-कायद्याच्या एका मसुद्यात तर पोलिस, लष्कर आणि राष्ट्रीय सुरक्षेची खाती चक्क वगळली होती. जोखीम कुठे आहे हे लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं म्हणायचं.

दुसरी बाजू आणखी आरामाची. 'खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे' म्हणा आणि फोन खिशात घाला. उघड्या गेममध्ये ओळख काढून 'चल, दुसऱ्या ॲपवर बोलू' म्हणणारा माणूस कुलूपबंद चॅटमध्येच पुढचं सगळं करतो, हा विषय निघाला तर 'पालकांनी लक्ष ठेवावं' म्हणा. (कसं, ते विचारू देऊ नका.) कुलूप न तोडताही अनोळखी मोठ्यांना मुलांना मेसेज करण्यापासून अडवता येतं, तक्रारीचं बटण चौथ्या मेनूतून वर आणता येतं, पण त्यात घोषणा देण्यासारखं काही नाही.

दोन्ही बाजूंनी एक पथ्य पाळा: आलेल्या तक्रारींचं काय होतं, हे विचारू नका. बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेकडे २०२३ साली ३ कोटी ६० लाखांहून जास्त तक्रारी आल्या. त्या वाचायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. त्यापेक्षा नवा कायदा स्वस्त. रोग रेड्याला, औषध पखालीला. पखाल तक्रार करत नाही.

आणि वाद रंगात आलेला असताना एखादं मूल फोन हातात घेऊन दाराशी घुटमळलं, तर त्याला हळूच बाहेर पाठवा. म्हणा, 'नंतर ये बाळा. आत्ता तुझ्याच सुरक्षेवर बोलतोय.'