दोन स्टार दिलेल्या दादांना स्टुडिओकडून उत्तर

दादा नमस्कार, रिव्ह्यू काल रात्रीच वाचला, खरं सांगायचं तर आधी राग आला, मग तुमच्या मंडळाच्या गाण्याचं सेशन परत उघडून ऐकत बसलो म्हणून उत्तर आज देतोय. तुमच्या तक्रारी तीन. मिरवणुकीत डॉल्बीवर आपलं गाणं शेजारच्या मंडळाच्या गाण्यापुढं बारीक वाजलं, आम्ही फुकटचा लिमिटर (आवाजाची टोकं ठरलेल्या मर्यादेत दाबणारं सॉफ्टवेअर) लावून मास्टरिंगचे, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवायचे, पैसे घेतो, आणि दुसरा मास्टर मागितला तर ५०० रुपये जादा सांगितले.

पहिल्यात चूक माझी आहे. गाणं कुठं वाजणार हे मी विचारलंच नाही. तुम्ही यूट्यूबला टाकायचंय म्हणालात आणि मी त्या हिशोबानं मायनस १३ एलयूएफएसच्या (गाण्याचा सरासरी आवाज मोजायचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा) आसपास करून दिलं, कारण यूट्यूब काय नि स्पॉटिफाय काय, गाणं लई जोरात असलं की तेच मायनस १४ च्या आसपास खाली ओढतात, तिथं गाण्याचा गळा दाबून काय मिळत नाही. पण पेनड्राइव्हवरचं गाणं कोण खाली ओढणार? जे भरलंय तेच डॉल्बीवाल्याच्या मिक्सरला जातं. तुम्ही पाठवलेलं ते शेजारच्या मंडळाचं गाणं मीटरवर लावलं तर मायनस ७ निघालं, म्हणजे सरळ ६ डीबीचा (डेसिबलचा) फरक, कपिलेश्वर तलावापर्यंत ते गाणं आपल्यावर चढून बसणारच की. डॉल्बीवाल्यानं गेन थोडा वर घेतला असता तर भागलं असतं, पण त्या गर्दीत गुलालात कोण बघतंय, म्हणून त्याला बोल लावत नाही. मी गणपतीच्या सीझनला बेळगावात बसून हे विचारलं नाही हीच लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

आता फुकटच्या लिमिटरचं. तुम्ही स्क्रीनवर बघितला तो लाउडमॅक्स, तो फुकटच आहे, लपवायचं काय त्यात. फॅबफिल्टरचा प्रो-एल २ पण आहे, विकत घेतलेला, आणि वेव्हजचा एल २ जुना आहे. त्या दिवशी तिन्ही लावून बघितले होते, आणि दरवेळी आउटपुट एकाच आवाजावर आणून, कारण कानाला जरासं जोरात वाजलं की तेच भारी वाटतं, इतकी वर्षं हेच करतोय तरी मी पण फसतो. गाण्यात २ मिनिटं १० सेकंदाला ताशा एकटा सुरू होतो नि मग ढोल पडतो, तेवढाच तुकडा फिरवून फिरवून ऐकला. प्रो-एल २ वर दोन-तीन स्टाइल (दाबायच्या पद्धती) बदलून बघितल्या, ताशाची टिपरी कधी बोथट व्हायची तर कधी ढोल पडला की गायकाचा आवाज बुडी मारून वर यायचा. लाउडमॅक्सवर २ डीबीच दाबलं आणि ताशा जागच्या जागी राहिला, म्हणून तो ठेवला. उद्या दुसऱ्या कुणाचं भजन आलं तर कदाचित प्रो-एल २ च लावीन. महागडा प्लगइन असता तर आवाज मोठा आला असता हे मला काय पटत नाही, कुठल्याबी लिमिटरनं ५-६ डीबी एकदम खायला लावलं की तो काहीतरी मोडणारच. ढोलाचा तळ ५०-६० हर्ट्झला धरा, त्याची एक लाट १७ ते २० मिलीसेकंदाची, रिलीज (दाबलेला आवाज परत सोडायला लागणारा वेळ) त्याच्या खाली नेला तर लिमिटर एकेका लाटेच्या मागं पळतो आणि ठोका फाटतो, नि लई वाढवला तर ढोल थांबला तरी गाणं दबलेलंच राहतं. त्या मधली जागा हुडकण्यातच अख्खी संध्याकाळ जाते.

आणि एक गोष्ट रिव्ह्यूत नाही ती सांगतो, राग मानू नका. तुमचा मिक्स आला तोच मास्टर बसवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथं, लिमिटर लावून. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) बघितलं तर शहाबादी फरशी घातल्यासारखं सपाट. एकदा दाबलेलं परत उघडता येत नाही, मी दोनदा मेसेज केला की लिमिटर काढून पाठवा, तुमच्या मिक्सवाल्या पोरानं तीच फाइल दुसऱ्या नावानं पाठवली. तिसऱ्यांदा फोन करायला पाहिजे होता, विसर्जन तोंडावर होतं म्हणून आहे त्यावर काम केलं.

५०० चं आमच्या पोरानं सांगितलं पण नियम माझाच आहे, एक करेक्शन फुकट नि पुढच्याला पैसे. तुमच्या बाबतीत तो लावायला नको होता. ते पैसे तुम्ही दिले नाहीत, मी मागणार पण नाही.

आता असं करा, मिक्स परत काढा, २४ बिट वेव्ह, मास्टरवरचा लिमिटर बंद, सगळ्यात मोठा ठोका मायनस ६ डीबीच्या आसपास राहू दे. मी दोन मास्टर करून देतो, एक यूट्यूबचा आहे तसाच, एक डॉल्बीचा मायनस ८ च्या आसपास, त्यात ताशाची टोकं आधी क्लिपरनं थोडी छाटून मग दोन लिमिटर एकामागं एक, दोघांनी मिळून काम वाटून घ्यायचं, आणि ट्रू पीक (प्रत्यक्ष वाजताना आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) दोन्हीकडं मायनस १ डीबी. डॉल्बीवाल्याला पण घेऊन या, त्याच्या प्रोसेसरमध्ये स्पीकर वाचवायला आणखी एक लिमिटर बसलेला असतो, तो किती लावलाय ते त्यालाच विचारू. मंगळवारी दुपारी आमच्याकडं लाइट जाते, तेवढं सोडून कधीही या.