‘अनटिल’च्या पोटातला ‘नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘अनटिल’ या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. ‘आय विल वेट अनटिल यू डोन्ट कम’ हे वाक्य सगळेच बोलतात, ऐकणाऱ्याला ते कळतं, मग त्याला चूक ठरवणं म्हणजे शब्दांचा कीस काढणं. दुसरं, पाककृतींत ‘अनटिल इट डज नॉट स्टिक’ असं सर्रास लिहिलेलं असतं, म्हणजे ‘अनटिल’नंतर नकार चालतो. तिसरं, कोशात ‘बाय’ आणि ‘अनटिल’ या दोघांपुढेही ‘पर्यंत’ लिहिलंय, तेव्हा त्यांच्यात फरक करणं उगाच. आणि शेवटी, लेखात मीच एके ठिकाणी ‘टिल’ लिहिलंय. तो ‘अनटिल’चा बोलीभाषेतला तोकडा अवतार असून शुद्ध लेखनात बसत नाही.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो लगेच मिटतो. ‘टिल’ हा ‘अनटिल’चा संक्षेप नाही. ‘टिल’ जुन्या इंग्रजीतही सापडतो. ‘अनटिल’ त्याच्यापुढे जोड लागून नंतर, साधारण 1200च्या सुमारास दिसू लागतो. ‘टिल’मध्ये दोन एल आणि ‘अनटिल’मध्ये एक, हा प्रकार विचित्र खरा. संक्षेप समजून पुढे अपोस्ट्रॉफी आणि एकच एल असलेलं जे रूप लिहितात, ते मागाहून आलेलं आहे आणि जपून लिहिणारे ते टाळतात. वाक्याच्या सुरुवातीला आणि औपचारिक मजकुरात ‘अनटिल’ जास्त दिसतो, एवढंच. ‘टिल’ लिहिलं म्हणून काही बिघडत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘यू डोन्ट कम’ची चूक मराठी माणसाकडून का होते, हे पाहिलं की ती कशी टाळायची तेही कळतं. आपल्याकडे एकच गोष्ट दोन प्रकारे सांगता येते: ‘तू येईपर्यंत थांबतो’ आणि ‘जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत थांबतो’. पहिल्यात नकार नाही, दुसऱ्यात आहे, अर्थ मात्र तोच. कारण ‘जोपर्यंत’ एखादी स्थिती टिकून असल्याचा काळ दाखवतो. तू न येण्याची स्थिती टिकून आहे, तेवढा वेळ मी थांबणार. ‘अनटिल’ असं करत नाही. तो स्थिती दाखवत नाही, ती जिथे संपते ते टोक दाखवतो. ‘अनटिल यू कम’ म्हणजे तुझ्या येण्याचा क्षण, तिथवर थांबणं. त्या क्षणाआधी तू आलेला नाहीस, ही गोष्ट शब्दाच्या पोटातच आहे. वेगळा ‘नॉट’ घातला की टोक उलट्या बाजूला जातं.

‘जोपर्यंत’ला जवळचा शब्द ‘ॲज लाँग ॲज’ आहे, ‘अनटिल’ नव्हे. ‘जोपर्यंत मी जिवंत आहे तोपर्यंत विसरणार नाही’ याचं ‘आय विल नॉट फर्गेट अनटिल आय ॲम अलाइव्ह’ असं भाषांतर केलं, तर त्याचा अर्थ होतो: जिवंत होईपर्यंत विसरणार नाही, झालो की विसरेन. बोलणारा आत्ता मेलेला आहे, हेही त्यातून निघतं! तिथे ‘ॲज लाँग ॲज आय ॲम अलाइव्ह’ हवं.

तेव्हा नियम पाठ करत बसण्यापेक्षा एक सवय लावा. इंग्रजीत लिहिण्याआधी मराठी वाक्य ‘-ईपर्यंत’मध्ये फिरवा. ‘जोपर्यंत पैसे भरत नाही’चं ‘पैसे भरेपर्यंत’ करा, ‘जोपर्यंत उत्तर मिळत नाही’चं ‘उत्तर मिळेपर्यंत’. ‘नाही’ आपोआप गळून पडतो आणि ‘अनटिल यू पे’, ‘अनटिल आय गेट ॲन आन्सर’ सरळ उतरतं. आणि वाक्य ‘-ईपर्यंत’मध्ये फिरतच नसेल, जसं ‘जोपर्यंत साठा आहे’, तर तिथे ‘अनटिल’ नकोच, ‘ॲज लाँग ॲज’ किंवा ‘व्हाइल’ घ्या. एक फास मात्र इथेही आहे. ‘येईपर्यंत’ ऐकायला भविष्यकाळासारखं वाटतं, म्हणून ‘अनटिल शी विल कम’ लिहिलं जातं. ‘अनटिल’नंतर येणारी घटना पुढची असली तरी क्रियापद साध्या वर्तमानकाळातच: ‘अनटिल शी कम्स’.

आता तुमचं पाककृतीचं उदाहरण. ते बिनचूक आहे आणि माझ्याच बाजूचं आहे. ‘नीड द डो अनटिल इट डज नॉट स्टिक’ म्हणजे पीठ चिकटेनासं होईपर्यंत मळा. गाठायचं टोकच ‘न चिकटणं’ आहे, म्हणून नकार हवाच. तसंच ‘स्टर अनटिल नो लम्प्स रिमेन’: गुठळ्या उरल्या नाहीत, हे ते टोक. ‘अनटिल’नंतर नकार निषिद्ध आहे, असं मी लेखात म्हटलं नव्हतं. ‘अनटिल’पुढे जे लिहाल ते घडलं की काम थांबतं, एवढंच. मळणारा ‘न चिकटण्या’ची वाट पाहतोय, ‘अनटिल यू डोन्ट कम’ म्हणणारा मात्र तुमच्या न येण्याची वाट पाहत नसतो.

‘पण कळतं ना’ यावर: समोरासमोर बोलताना कळतं, मान्य. ऐकणारा संदर्भावरून दुरुस्त करून घेतो. लेखी मजकुरात, विशेषतः पैसे आणि मुदती असलेल्या मजकुरात, ती दुरुस्ती वाचणाऱ्याच्या मर्जीवर राहते. ‘द डिपॉझिट विल नॉट बी रिफंडेड अनटिल द टेनंट डज नॉट रिटर्न द कीज’ हे वाक्य घ्या. लिहिणाऱ्याला म्हणायचंय की किल्ल्या मिळाल्याशिवाय अनामत परत नाही. शब्दशः अर्थ निघतो: भाडेकरूने किल्ल्या परत केल्या नाहीत की मग अनामत मिळेल. अशा वाक्यावर वाद घालायची वेळ कुणावर येऊ नये.

संगणकाला तर संदर्भ मुळीच कळत नाही. पास्कल या संगणकाच्या भाषेत ‘रिपीट … अनटिल’ असा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना आहे. मधलं काम करायचं, खाली अट तपासायची, अट खरी झाली की थांबायचं. ‘एक्स शून्य होईपर्यंत’ हवं असेल तर अट ‘एक्स बरोबर शून्य’. ‘जोपर्यंत एक्स शून्य होत नाही’ असा विचार करून ‘एक्स शून्य नाही’ अशी अट टाकली, तर एक्स पाच असताना लूप एकदाच चालून थांबतो, कारण अट पहिल्याच तपासणीत खरी ठरते. ‘व्हाइल’ लूपमध्ये मात्र हीच ‘एक्स शून्य नाही’ अट बरोबर आहे, कारण तो अट खरी असेतोवर चालतो. आपला ‘जोपर्यंत’ हा ‘व्हाइल’ आहे, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही.

यात मराठी भाषकाने ओशाळण्यासारखंही काही नाही. इटालियनमध्ये ‘तो येईपर्यंत’साठी ‘फिंके नॉन अरीवा’ म्हणतात, त्यातला ‘नॉन’ म्हणजे आपलाच ‘नाही’. खुद्द इंग्लंडात यॉर्कशरच्या बोलीत ‘नाइन व्हाइल फाइव्ह’ म्हणजे नऊ ते पाच. स्थिती आणि तिचं टोक एकमेकांत मिसळणं भाषांना नवं नाही. फक्त प्रमाण इंग्रजी ती वेगळी ठेवते.

‘बाय’कडे वळतो. कोशात दोघांपुढे ‘पर्यंत’ आहे, हे खरं. ‘पर्यंत’ दोन्ही कामं करतो, म्हणून कोशकाराला दुसरा इलाज नाही. फरक पाहायचा तर मराठी क्रियापद जोडून पाहा. ‘शुक्रवारपर्यंत काम करत राहा’ इथे ‘अनटिल’: ‘वर्क अनटिल फ्रायडे’. ‘शुक्रवारपर्यंत काम करून टाक’ इथे ‘बाय’: ‘फिनिश इट बाय फ्रायडे’. ‘राहा’ बसलं की ‘अनटिल’, ‘टाक’ बसलं की ‘बाय’. थांबणं, झोपणं, राहणं, वापरणं या चालू राहणाऱ्या क्रिया; पोचणं, संपवणं, पाठवणं, सही करणं या एका क्षणात होऊन जाणाऱ्या. ‘प्लीज सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे’ वाचून इंग्रजी भाषकाला वाटतं की अहवाल शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहायचाय. ‘द गेस्ट्स अराइव्ह्ड अनटिल मिडनाइट’ हे वाक्य मात्र चालतं, कारण पाहुणे एकेक करून येत होते आणि ते येणं मध्यरात्रीपर्यंत चाललं.

वाक्य नकारार्थी झालं की क्षणिक क्रियाही ‘अनटिल’बरोबर बसते, कारण न होणं ही टिकून राहणारी स्थिती आहे. ‘स्विस वुमेन डिड नॉट गेट द फेडरल व्होट अनटिल 1971’ म्हणजे स्विस महिलांना देशपातळीवर मतदानाचा हक्क 1971 मध्ये मिळाला, त्याआधी नव्हता. आपण ‘1971 सालीच मिळाला’ असं म्हणून ‘च’वर भागवतो. आता ही जोडी शेजारी ठेवा. ‘इट वोन्ट बी रेडी अनटिल फ्रायडे’: शुक्रवारी तयार होईल, आधी मागू नका. ‘इट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’: शुक्रवार येईल आणि तरी तयार नसेल. एका शब्दाने ग्राहक शुक्रवारी येऊन माल घेऊन जातो, नाहीतर हात हलवत परत जातो. कोशात दोघांपुढे एकच अर्थ असला तरी हा फरक उगाच म्हणता येणार नाही.

असाच घोळ ‘अनटिल नाऊ’चा. ‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड द रिफंड अनटिल नाऊ’ अशी तक्रार लिहिली, तर वाचणाऱ्याला वाटू शकतं की आत्तापर्यंत मिळाला नव्हता, आता मिळाला. तक्रार निकालात! तिथे ‘सो फार’ किंवा वाक्याच्या शेवटी नुसतं ‘येट’ लिहा.

तुमच्या प्रतिक्रियेच्या ओघात एक प्रश्न आलाय, तो आक्षेपांपेक्षा मोलाचा आहे: ‘ऑन लीव्ह अनटिल मंडे’ असेल तर सोमवारी माणूस भेटेल का? याला ठाम उत्तर नाही. ‘अनटिल 5 पीएम’मध्ये घोळ होत नाही, कारण पाच हा क्षण आहे. सोमवार हा चोवीस तासांचा तुकडा आहे. टोक त्याच्या सुरुवातीला की शेवटाला, हे ‘अनटिल’ सांगत नाही. ‘क्लोज्ड अनटिल मंडे’ पाटीवर वाचून बहुतेक लोक सोमवारी उघडेल असंच समजतात, पण रजेच्या अर्जात तेवढ्यावर विसंबू नये. करारात ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’ लिहितात ते यासाठीच. अमेरिकन इंग्रजीत ‘थ्रू मंडे’ म्हटलं की सोमवार धरूनच. सगळ्यात सोपं म्हणजे परतण्याचा दिवस लिहावा: ‘बॅक ऑन ट्यूजडे’. ‘बाय मंडे’मध्ये सोमवार सहसा धरलेला असतो, तो नको असेल तर ‘बिफोर मंडे’.

उरलं ‘अनलेस अँड अनटिल’, जे तुम्ही स्वतः प्रतिक्रियेत दोनदा वापरलंय. ‘अनलेस’ अट सांगतो, ‘अनटिल’ वेळ. ‘डोन्ट कॉल मी अनलेस देअर इज अ प्रॉब्लेम’ म्हणजे अडचण आली तरच फोन कर, कदाचित कधीच नको. तिथे ‘अनटिल’ घातलं तर अडचण येणार हे गृहीत धरल्यासारखं होतं. कायद्याच्या मसुद्यात दोन्ही एकत्र दिसतात, एरवी जो अर्थ हवा तो एकच शब्द पुरतो. आणि ‘अनलेस’च्या पोटातही ‘नाही’ आहेच, त्यामुळे ‘अनलेस अँड अनटिल यू डोन्ट अप्लाय’मध्ये तो ‘डोन्ट’ दोन्हीकडून जादा आहे. ‘आजपर्यंत’साठी ‘टिल डेट’ आपल्याकडे रुळलंय, पण बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना ‘टू डेट’ लिहा.