चौकोनी दिसली की विनेबॅगो? त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, शेताच्या कडेला नाहीतर कुणाच्या यार्डात सडत पडलेली जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, दिसली तर पाच मिनिटांत तिचं मेक-मॉडेल कसं ओळखायचं, असा. त्यात पाच नियम दिलेत. चौकोनी आणि कपाळ पुढे आलेली असली तर ती विनेबॅगो कंपनीची. व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, नेटवर टाकला की सगळी कुंडली निघते. आत फ्रीजवर, छतावरच्या एसीवर किंवा मागच्या दिव्यांवर जे नाव असेल तीच कंपनी. टायरवरचं वर्ष तेच गाडीचं वर्ष. आणि शेवटचा, ओळख पटली आणि मालक सापडत नसला तर गाडी तुमची. हे वाचून लोक खरंच पैसे घालतायत, चुकीचे पार्ट मागवतायत, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये आणि बाकी सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मोटरहोमचे बनवणारे बहुतेक वेळा दोन असतात. खालची चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं डॉज, शेवरोले नाहीतर फोर्डचं, आणि त्यावर घर बांधणारी कंपनी वेगळीच. आपली लाल एसटी आठवा, चॅसी टाटा किंवा लेलँडची यायची आणि बॉडी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा नाहीतर हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये बांधली जायची, इथे पण तोच प्रकार. त्यामुळे "हिचं मेक काय" या प्रश्नाला दोन उत्तरं असतात आणि दोन्ही लागतात, ब्रेकचे पार्ट मागवायला पहिलं आणि काच, दार, खिडकीचं रबर मागवायला दुसरं.

आता चौकोनी म्हणजे विनेबॅगो हा नियम. हा पूर्ण खोटा नाहीये हे मान्य. विनेबॅगो आयोवातल्या फॉरेस्ट सिटीची कंपनी, १९६६ पासून मोटरहोम बनवतेय, आणि सत्तरच्या दशकातल्या तिच्या ब्रेव्ह, चीफटन वगैरे मॉडेलना समोरच्या काचेवर ते पुढे आलेलं कपाळ असायचं आणि बाजूला रंगीत पट्ट्याचा मोठा डब्ल्यू. पण चौकोनी डबा तर तेव्हा सगळेच बनवायचे, कारण सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकणं सगळ्यात स्वस्त. फ्लीटवूडची पेस आरो, साउथविंड पण चौकोनीच. आणि इटास्का म्हणून जो ब्रँड होता तो विनेबॅगोनेच बनवलेला, फक्त नाव आणि पट्टे वेगळे, म्हणजे डब्ल्यू दिसला नाही म्हणून विनेबॅगोच्या कारखान्यातली नाही असंही म्हणता येत नाही. पट्टे तर कुणीही रंगवतं, चाळीस पन्नास वर्षांत अशा गाडीला किती हात लागलेले असतात बघा. त्यापेक्षा उन्हात तिरकं उभं राहून पत्र्याकडे बघा, नावाची अक्षरं काढून टाकली असली तरी त्याखालचा रंग कमी उडालेला असतो, स्क्रूची बुजवलेली भोकं दिसतात, आणि पुष्कळदा अख्खं नाव वाचता येतं. माझ्या मते ही खूण पट्ट्यांपेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

गोलसर गाड्यांचं पण तसंच. मिशिगनमधल्या ब्राऊन सिटीत रे फ्रँक यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉजच्या चॅसीवर मोटरहोम बांधायला घेतल्या, पुढे फायबरग्लासची गुळगुळीत बॉडी आली आणि मग ट्रॅव्हको हे नाव. नाकावर डॉज लिहिलेलं दिसतं म्हणून लोक नुसतं डॉज म्हणून मोकळे होतात, आणि मग ट्रॅव्हकोच्या खिडक्यांचं रबर शोधायचं तर डॉज नावाने शोधून काय मिळणार. याउलट जीएमसी मोटरहोम, १९७३ ते १९७८, ही खरंच एकाच घरची, चॅसी पण जनरल मोटर्सची आणि बॉडी पण. लांबी २३ नाहीतर २६ फूट, पुढची चाकं ओढणारी, ओल्ड्समोबिलचं व्ही-एट इंजिन, आणि मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं. ती चाकं आणि जमिनीलगतची बॉडी दिसली की लांबूनच सांगता येतं. पण तिथे सुद्धा कंपनी रिकामे सांगाडे विकायची आणि आतलं घर दुसऱ्यांनी बसवलेलं असायचं, कोचमनची रॉयाल हे त्यातलंच एक नाव, म्हणून आतलं लाकूडकाम जुन्या ब्रोशरशी जुळलं नाही तर लगेच गोंधळून जाऊ नका.

व्हिन नंबरचा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतोय म्हणून जरा सविस्तर. एक तर १७ अक्षरांचा ठरलेला व्हिन अमेरिकेत १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, नंबरची लांबी पण वेगळी, तो नंबर नेटवरच्या डिकोडरमध्ये टाकला तर एकतर एरर येणार नाहीतर काहीतरी भलतंच. आणि पडून असलेल्या गाड्या बऱ्याच त्या आधीच्याच असतात! दुसरं म्हणजे १९८१ नंतरच्या गाडीत सुद्धा तो नंबर बहुतेक वेळा चॅसी बनवणाऱ्याने दिलेला असतो, घर बांधणाऱ्याने नाही. डिकोडर सांगणार फोर्ड, अपूर्ण वाहन, अमुक इंजिन, बस. माहिती खरी आहे पण अर्धी, आणि मेसेज म्हणतो की ती पूर्ण आहे. मग माणूस "१९८५ फोर्ड मोटरहोमची काच" शोधत बसतो आणि तशी काच कुठे नसतेच. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी असंच करून दोनदा चुकीची काच मागवली, परत पाठवायचा खर्च वेगळा.

व्हिनचं दहावं अक्षर वर्ष सांगतं हे खरंय, बी म्हणजे १९८१, सी म्हणजे १९८२, असं पुढे, आय, ओ, क्यू, यू आणि झेड सोडून. पण ते चॅसीचं वर्ष. चॅसी बांधणाऱ्याच्या आवारात काही महिने पडून राहिली तर घराचं मॉडेल वर्ष पुढचं लागतं, आणि मग कागदावर एक आणि ब्रोशरमध्ये एक असं दिसतं. दोन्ही बरोबर असतात.

मग घराचं नाव कुठे मिळतं? ड्रायव्हरच्या दाराजवळ किंवा सीटच्या आसपास शेवटच्या टप्प्याच्या उत्पादकाचं लेबल असतं, तिथे बांधणाऱ्या कंपनीचं नाव आणि तारीख मिळायची शक्यता सगळ्यात जास्त. ते गेलं असेल तर कपाटाच्या आतल्या बाजूला, सिंकखाली, बाहेरच्या सामानाच्या दारामागे बघा, घराचा सिरीयल नंबर अशा ठिकाणी सापडतो. मुख्य दाराजवळ आरव्हीआयए (मोटरहोम बनवणाऱ्या उद्योगाची संघटना) असं छापलेला छोटा शिक्का दिसेल, तो गाडी ठरावीक स्टँडर्डप्रमाणे बांधली आहे इतकंच सांगतो, ते कंपनीचं नाव नाही. मग बंपर ते बंपर टेपने मोजा, कारण मॉडेलच्या नावातला आकडा पुष्कळदा लांबीचे फूट असतो, आणि दार कुठे, खिडक्या किती, बाथरूम मधे की मागे हे सगळं कागदावर काढून जुन्या ब्रोशरमधल्या फ्लोअर प्लॅनशी जुळवा. वेळ लागतो, पाच मिनिटांत काही होत नाही.

टोयोटाच्या छोट्या मोटरहोमचं तर वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या लोकांना त्या फार आवडतात. कागदावर फक्त टोयोटा, पण घर डॉल्फिनचं, सनरेडरचं, शिनूकचं, काहीही असू शकतं. त्यातल्या जुन्यांना मागे जोडचाकं असून आतला ॲक्सल, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, हलका, घराच्या वजनाला न पेलणारा. मागच्या चाकाचे नट मोजा. पाच असले तर तो हलका ॲक्सल, सहा असले तर एक टनाचा. पाच नटवाल्यावर कुटुंबाला बसवून डोंगरात नेऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय. मेसेजमध्ये नावं ओळखायची घाई आहे, पण हे एक मोजलं तरी कुणाचा तरी जीव वाचेल.

फ्रीज, एसी, दिवे यांच्याबद्दल फार बोलायला नको. डोमेटिक, नॉरकोल्ड, कोलमन, सबर्बन, ॲटवूड, बार्गमन ही सगळी पार्ट पुरवणाऱ्यांची नावं, डझनभर ब्रँडच्या गाड्यांत तीच दिसतात. एसीवर कोलमन आहे म्हणून गाडी कोलमनची, हे म्हणणं सोडून द्या. टायरचं पण तसंच, त्यावर २३०९ असा आकडा असला म्हणजे तो टायर २००९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला, गाडी तीस वर्षं आधीची असू शकते. त्या आकड्यावरून एवढंच कळतं की शेवटची रस्त्यावर साधारण कधी असेल, आणि हे टायर फेकायचेत.

राहिलं "मालक नाही तर गाडी तुमची". नाही. पडीक दिसणाऱ्या गाडीला पण टायटल, म्हणजे मालकीचा कागद, असतं, कधी त्यावर बँकेचं कर्ज असतं, आणि ती मिळवायची प्रक्रिया प्रत्येक राज्यात वेगळी. जमीनमालकाची परवानगी घेतल्याशिवाय दार सुद्धा उघडू नका. १७ अक्षरी व्हिन असला तर एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या फुकट व्हिनचेकवर चोरीची नोंद आहे का बघा, मग त्या राज्याच्या डीएमव्हीला, म्हणजे वाहन नोंदणी कार्यालयाला, विचारा. आणि परवानगी मिळाली तरी एकदम आत शिरू नका, अशा गाड्यांत उंदरांच्या लेंड्या असतात आणि त्यातून हंटाव्हायरस होऊ शकतो, म्हणून दारं खिडक्या उघडून निदान अर्धा तास हवा खेळू द्या, सुका झाडू अजिबात मारू नका, ब्लीचचं पाणी मारून ओलं करून मगच पुसा. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद आहे ना ते बाहेरूनच बघून घ्या, लहान मुलांना बरोबर नेऊ नका, लेबलचे फोटो काढायला एक माणूस पुरतो.