फाइल मुंबईला आहे

लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बसवायचा आहे? छान. मग पहिली पूर्वतयारी अशी, की मशीन गेल्या दीड-दोन महिन्यांत एकदाही रीस्टार्ट झालेली नसावी. झाकण पाडायचं, झाकण उघडायचं, इतकंच. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा नागपुरात माणूस कूलरसमोरून हलत नाही, तिथे लॅपटॉपलाच काय म्हणून उठवायचं? मधल्या काळात लिनक्सची अपडेटं येत राहतील. येऊ द्या. दारात आलेल्याला चहा आणि स्क्रीनवर आलेल्या अपडेटला 'हो', ही आपली रीत. शेवटी 'आता रीस्टार्ट करा' म्हणून खिडकी येते, तिला तेवढं 'नंतर' सांगा.

एवढ्याने निम्मं काम झालं. डिस्कवर आता ताजा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येऊन बसला आहे, त्याच्या हेडर फाइलीही, म्हणजे त्याच्या आतल्या मांडणीचे नकाशे, आल्या आहेत. मेमरीत मात्र अजून जुनाच कर्नल चालू आहे, आणि त्याच्या हेडर फाइली 'उगाच जागा खाऊन राहिल्या' म्हणून तुम्हीच मागच्या रविवारी पुसून टाकल्या.

नागपूरकराला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं, की विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन तरी इथे व्हावं. त्याप्रमाणे हिवाळ्यात सरकार येतं, रस्त्यांना रंग लागतो, आणि काम घेऊन गेलेल्या माणसाला एक वाक्य ऐकू येतं: 'फाइल मुंबईला आहे.' तुमच्या लॅपटॉपमध्ये सध्या हेच चाललंय. सरकार खरं, फाइलीही खऱ्या, फक्त दोघांचं गाव एक नाही.

आता इन्स्टॉलर चालवा. तो थोडा वेळ गुरगुरेल आणि सांगेल, की सध्या चालू असलेल्या कर्नलचा सोर्स ट्री, म्हणजे मूळ कोडचं फोल्डर, सापडत नाही. इथे फार जपा. या वाक्यात 'सध्या चालू असलेल्या' हे शब्द आहेत, आणि सगळी गोम तिथेच आहे. ते शब्द वाचलेत तर पुढची मजा गेली. नजर सरळ 'सापडत नाही'वर न्या आणि म्हणा, 'याची कंपनीच फालतू आहे.' खाली इन्स्टॉलर लॉग फाइलीचा पत्ताही देतो. लॉग वाचणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मेनूकार्ड मागण्यासारखं आहे, ते आपल्यात शोभत नाही.

'सोर्स सापडत नाही' म्हणतो ना? मग त्याला सोर्स द्या. कर्नल डॉट ऑर्गवर जाऊन सगळाच्या सगळा कर्नल उतरवा. शंभर एमबीच्या वरची फाइल आहे, आवृत्ती कोणतीही चालेल, सगळ्यात वरची सगळ्यात चांगली. ड्रायव्हरला लागतात फक्त हेडर आणि तो कर्नल ज्या कॉन्फिगरेशनने बांधला ते कागद, असं कोणी म्हणेल. सावजीकडे जाऊन नुसता रस्सा मागणाऱ्यांपैकी दिसतो. दुर्लक्ष करा.

हे हेडर इतके का लागतात, तेही सांगून ठेवतो, म्हणजे न ऐकण्यात जोर येईल. ड्रायव्हरचा कर्नलला चिकटणारा थर तुमच्याच घरी बांधला जातो. कर्नलच्या आतल्या एखाद्या स्ट्रक्चरमध्ये कोणतं खातं कुठे आहे, हे त्याला हेडरवरून कळतं. आणि आतली ही मांडणी लिनक्सवाले मुद्दाम कायम ठेवत नाहीत. कर्नलच्या कागदपत्रांत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं यावर एक टिपण आहे, 'स्टेबल एपीआय नॉन्सेन्स' नावाचं. तुम्हाला वाटतं आत एक स्थिर इंटरफेस हवा, पण खरं तर तुम्हाला तो नकोच आहे, असा त्याचा सूर. लग्नाच्या वयाच्या पोरीला मावशी समजावते ना, अगदी तसा. थोडक्यात, कर्नल बदलला की ड्रायव्हर नव्याने बांधायचा, आणि त्याच कर्नलच्या हेडरवर बांधायचा.

आपण अर्थातच दुसऱ्या कर्नलच्या हेडरवर बांधू. इन्स्टॉलरला सोर्सचा रस्ता हाताने देता येतो, तशी सोय आहेच. द्या. कंपायलरचीही, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचीही, चौकशी करू नका. उबुंटू २२.०४ या लिनक्सवर ६.५ चा कर्नल आला तेव्हा तो जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला होता आणि लोकांच्या घरी जीसीसी ११ बसलेला. नव्याला ठाऊक असलेला एक पर्याय जुन्याला माहीतच नव्हता, मग त्याने 'हा पर्याय ओळखीचा नाही' म्हणून हात वर केले. अशी एरर आली तर ती पूर्ण वाचण्याऐवजी तिचा मोबाइलने तिरका फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाका. निम्मे अंगठा दाखवतील, एक जण विंडोज टाक म्हणेल.

नशीब आडवं आलं आणि मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा तो थर, बांधून झालं, तरी घाबरू नका, ते लोड होणार नाही. कर्नल दारातच कागद तपासतो. मॉड्यूलच्या पोटात ते कोणत्या कर्नलसाठी बांधलं याचा शिक्का असतो, त्याला व्हरमॅजिक म्हणतात. शिक्का जुळला नाही की 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून बाहेर. यावर जुनी विद्या अशी, की सोर्समधल्या यूटीएस-रिलीज नावाच्या फाइलीत आवृत्तीचा आकडा हाताने बदलायचा आणि पुन्हा बांधायचं. सातबाऱ्यावर नाव चढवलं की वावर आपलं, त्यातलाच प्रकार. पण बऱ्याच डिस्ट्रोंचा, म्हणजे उबुंटूसारख्या तयार लिनक्स-संचांचा, कर्नल नावावर भागवत नाही. तो मॉड्यूल वापरणार त्या प्रत्येक फंक्शनचा सीआरसी, म्हणजे त्याच्या मांडणीवरून काढलेला ओळखीचा आकडा, पडताळतो. नाव बदललं, अंगठा जुळेना! कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये लिहून येतं, की अमुक सिम्बॉलच्या, म्हणजे त्या फंक्शनच्या, आवृत्तीबद्दल मतभेद आहेत. मतभेद! इतका सभ्य नकार आमच्या सोसायटीच्या बैठकीत आजवर कोणी दिलेला नाही.

तुम्ही मात्र सभ्यता सोडा. मॉड्यूल लोड करणाऱ्या मॉडप्रोब कमांडला 'फोर्स' नावाचा पर्याय आहे, तो याच दिवसासाठी राखलेला. कर्नलने जबरदस्ती चालवू दिली, तर तो स्वतःच्या माथी 'टेंटेड' असा डाग लावून घेतो आणि मगच गप्प बसतो. नंतर तुम्ही कुणाकडे तक्रार नेलीत, की समोरचा आधी तो डाग बघतो. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलाच कोड चालू देणारी सोय, चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल तिथेच अडकतं, पण तोवर तुम्ही बहुधा तिथपर्यंत पोहोचत नाही. कारण स्क्रीन काळी झालेली असते.

आता भाच्याला बोलवा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. तो तर्री-पोह्यांच्या बोलीवर येईल, कंट्रोल-ऑल्ट-एफ ३ दाबून काळ्या पडद्यावर अक्षरं आणेल आणि 'यूनेम -आर' टाइप करेल. एक आकडा दिसेल, चालू कर्नलचा. मग तो हेडरचं फोल्डर उघडेल. दुसरा आकडा दिसेल. शेपटीत ४५ च्या जागी ४८, एवढाच फरक.

'मामा, मशीन केव्हा बंद केली होती जी?'

'चांगली चालून राहिली होती, बंद काहून करू?'

तो काही बोलणार नाही, तशी घरची शिस्त आहे. तुम्ही हाताने बसवलेलं सगळं काढेल, मशीन रीस्टार्ट करेल, म्हणजे नवा कर्नल आणि नवे हेडर एकदाचे एका गावात येतील. मग डिस्ट्रोच्याच भांडारातला ड्रायव्हर डीकेएमएससकट टाकेल. डेलच्या इंजिनिअरांनी २००३ च्या सुमारास काढलेली ही युक्ती, कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधते, फक्त तिलाही जुळणारे हेडर लागतात. पोह्यांची दुसरी प्लेट यायच्या आत स्क्रीन लख्ख. हे बघायला तुम्ही स्वयंपाकघरात असलेलं बरं.

आणि बाहेर सांगताना सांगा, की ड्रायव्हरच खराब होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळी, पिवळी, आणि मागे वर्षभराच्या पीडांचे बडगे, म्हणजे त्यांचे पुतळे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं गावाबाहेर नेऊन जाळायचं. यंदा मोहल्ल्यातून एक बडगा या विषयावरचा काढा. पोरं विचारतील, पाटीवर आवृत्ती कोणती लिहायची? ती सांगायला मशीनवर 'यूनेम -आर' मारावं लागेल. त्या भानगडीत पडू नका, नुसतं 'ड्रायव्हर' लिहा.